ट्रॉलीवरून उतरलेली गाडी

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळच्या एका मालिकेत डोंगरातली डॉक्टरीण मोटारसायकलवरून ओढा ओलांडताना दाखवली होती. चाकं पाण्यात जातात, ती डावा पाय पाण्यात टेकवते, गाडी जराशी वळवून घेते आणि पलीकडच्या चढाला लागते. तो पाय माझा आहे. हे मी लोकांनी न विचारताही सांगते. आमच्याकडे नवीन बदलून आलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच हे ऐकावं लागतं.

मी आरोग्यसेविका आहे. राजूरच्या पुढे डोंगरात आमचं उपकेंद्र आहे आणि त्याखाली लहानमोठ्या नऊ वाड्या येतात. माझं माहेर मात्र तिसगावचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. तिकडे पाऊस कमी, जमीन सपाट, रस्ते सरळ. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि रविवारी आसपासच्या गावांत जाऊन उपासना घ्यायचे. आमच्या ख्रिस्ती घरांची वस्ती प्रत्येक गावात पाच-सात घरांची, पाळक सगळीकडे पोचायचे नाहीत, म्हणून हे काम पप्पांकडे आलेलं. त्यासाठी त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली होती. पेट्रोलच्या टाकीवर बायबल आणि गीतांचं पुस्तक बांधलेली पिशवी, मागे मी. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन.

मढीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. पप्पा आम्हाला वर्षातून एकदा तिथं न्यायचे. त्या सिनेमांत मोटारसायकलवर बसणारी माणसं दोनच प्रकारची असायची. एक तर गुंड. ते सात-आठ जण मिळून यायचे, बाजारात घुसायचे, भाजीच्या टोपल्या उडवायचे आणि हिरोईनभोवती गोल गोल फिरायचे. दुसरा हिरो. तो हँडल सोडून दोन्ही हात पसरून गाणं म्हणत यायचा. पप्पा गाडीवाले असल्यामुळे त्यांचं लक्ष भलतीकडेच असायचं. हा किक न मारता निघाला कसा, याने साइड स्टँड वर घेतलंच नाही, असं ते हळूच माझ्या कानात सांगायचे. मला हसू यायचं. घरी येताना मात्र ते एकदा म्हणाले होते, "आपल्या भागात गाडीवर कोण दिसतं बघ. दूधवाला दिसतो, मास्तर दिसतो, गुरांचा डॉक्टर दिसतो. यांच्यातलं कुणी सिनेमात दिसलं का?" मी नाही म्हणाले. गाडीवर बाईही दिसली नव्हती, पण ते तेव्हा आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही.

दहावीची परीक्षा झाल्यावर पप्पांनी मला शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली. मी हट्ट केला नव्हता, त्यांनीच विचारलं. त्यांना पाठदुखी सुरू झाली होती आणि घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. पुढे मी गावातून गाडी काढायला लागले तेव्हा पारावरची मंडळी "हिरोईन निघाली" म्हणायची. कौतुकानं म्हणायची नाहीत. सिनेमात गाडीवरची बाई कधी आलीच तर ती व्हिलनची मैत्रीण असायची, तोंडात सिगारेट, अंगात काळं जाकीट. मास्तरांच्या मुलीला त्या रांगेत बसवलेलं आईला आवडायचं नाही. तिनं पप्पांना एकदा स्पष्ट सांगितलं की पोरीला गाडीवरून उतरवा. पप्पांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी मला पाथर्डीला औषधं आणायला गाडीवरच पाठवलं.

नर्सिंग करून मी नोकरीला लागले, लग्न झालं, आणि बदली होत होत राजूरला आले. नवरा तिथल्याच आश्रमशाळेत शिक्षक. इकडचे रस्ते पाहिल्यावर मला पहिल्याच आठवड्यात कळलं की स्कूटीचं इथं काम नाही. लहान चाकं दगडात अडकतात, चढाला दम टाकतात. मी शंभर सीसीची साधी मोटारसायकल घेतली. मागच्या सीटवर लशीचा डबा रबरी दोरीनं बांधलेला, खांद्याला बॅग, साडी नेसायचे दिवस असले तर खाली पँट आणि वर ओचा खोचलेला. सुरुवातीला वाड्यांवरच्या बाया दारात येऊन बघायच्या. नंतर कुणी बघेनासं झालं. माझ्या गाडीचा आवाज आला की लस द्यायच्या पोरांना पकडून ठेवायचं, एवढाच त्याचा अर्थ उरला. सोळा वर्षं मी त्या रस्त्यांवर आहे. तीन वेळा पडले, आणि तिन्ही वेळा माझीच चूक होती.

शूटिंगवाले आले ते भाताची कापणी उरकल्यावर. भंडारदऱ्याच्या बाजूला शूटिंग नेहमीच चालतं, त्यामुळे कुणाला फार नवल नव्हतं. पण या वेळी त्यांनी आमच्या नऊपैकी एका वाडीची वाट निवडली होती. शहरातली एक डॉक्टरीण डोंगरात येते आणि आदिवासी वाड्यांवर सेवा करते, अशी मालिका होती. ती डॉक्टरीण मोटारसायकल चालवते. आमच्या आशाताईनं ही बातमी आणली. आशाताई म्हणजे त्या वाडीवरची आमची आशा कार्यकर्ती, वयानं माझ्याहून दोन वर्षांनी लहान, वाडीतल्या प्रत्येक घरात कोण आजारी, कुणाला कितवा महिना, हे तोंडपाठ असलेली. ती म्हणाली, "बाई, त्यांनी आपलीच गोष्ट घेतलीया. फक्त नर्सची डॉक्टरीन केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लसीकरणाला निघाले असताना आशाताईचा फोन आला. शूटिंगमधली बाई गाडीवरून पडली होती, लवकर यायला सांगत होते. मी गाडी तशीच वळवली. वाडीच्या अलीकडे एक वळण आहे, उतार संपतो आणि लगेच मुरुम पसरलेला लागतो. तिथं पुढचा ब्रेक दाबला की गाडी खाली बसतेच. पडलेली व्यक्ती नेमकी तिथंच बसली होती. लाल पंजाबी ड्रेस, लांब केस. मी हात तपासायला घेतला तर मनगटावर दाट केस. वर बघितलं तर गालावर दाढीची खुंटं. तो पंचविशीतला तरुण होता, डोक्यावर केसांचा टोप होता, आणि तो हिरोईनच्या जागी गाडी चालवायला मुंबईहून आला होता.

मी विचारलं, बाईच्या जागी बाप्या का? तो बिचारा वेदनेतही हसला. म्हणाला, नेहमी असंच असतं, सिस्टर. गाडी चालवणारी बाई शोधत कोण बसणार?

मनगट सुजलं होतं, हाड मोडल्यासारखं वाटत होतं. मी फळी बांधून हात गळ्यात अडकवला आणि त्याला जीपनं राजूरच्या दवाखान्यात पाठवलं. हात धुऊन मी माझ्या गाडीकडे गेले, किक मारली आणि त्याच मुरुमाच्या वळणावरून खाली वाडीकडे उतरले, कारण पोरं लशीसाठी थांबली होती. तासाभरानं काम उरकून परत वर आले तेव्हा दिग्दर्शक रस्त्याच्या कडेला उभा होता. चाळिशीचा, डोक्यावर टोपी, आवाज बसलेला. त्यानं मला जाताना पाहिलं होतं आणि येतानाही पाहिलं होतं. तो म्हणाला, "ताई, आमचा माणूस पडला तिथून तुम्ही दोनदा गेलात. आमच्यासाठी अजून दोनदा जाल का?"

मी हसण्यावारी नेलं. सरकारी नोकरी, रजा, परवानगी, सगळी कारणं सांगितली. तो म्हणाला, आधी बघा तरी, आणि मला पुढच्या माळावर घेऊन गेला.

तिथं जे पाहिलं त्यानं मी थक्क झाले. एका बुटक्या ट्रॉलीवर मोटारसायकल दोरखंडांनी आवळून बांधली होती. ट्रॉली टेम्पोला जोडलेली. गाडीवर हिरोईन बसलेली. टेम्पो माणूस चालेल तितक्या वेगानं पुढे जात होता, एक जण मोठा पंखा धरून तिच्या तोंडावर वारा सोडत होता, आणि ती हँडल धरून हसत, मान वळवत, केस उडवत होती. कॅमेरा तिच्या कमरेच्या वर होता, म्हणजे ट्रॉली दिसणार नाही. मी इतकी वर्षं टीव्हीवर ज्या बाया गाडीवर पाहिल्या, त्या सगळ्या अशाच बांधलेल्या गाडीवर होत्या की काय, असं मनात आलं. तंबूतल्या हिरोचे पसरलेले हातही मग आठवले. मला राग आला, आणि जरा वाईटही वाटलं. कशाचं, ते सांगता आलं नसतं.

रात्री नवऱ्याशी बोलले. तो म्हणाला, तुला चालवायची आहे हे तुझ्या तोंडावर दिसतंय, मला कशाला विचारतेस. सकाळी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारलं. त्यांनी तीन दिवसांची किरकोळ रजा दिली आणि हेल्मेट घालायला बजावलं.

पहिला वाद त्या हेल्मेटवरूनच झाला. दिग्दर्शकाला हेल्मेट नको होतं. गाडीवर बाई आहे हे लांबून कळायला हवं, केस उडायला हवेत, असं त्याचं म्हणणं. मी सांगितलं की मी बिनहेल्मेटची बसणार नाही. तो समजावू लागला की माझा चेहरा कॅमेऱ्यात येणारच नाही, मग मला कोण ओळखणार? मी म्हणाले, "इथं मला चेहऱ्यावरून कुणी ओळखत नाही. गाडीवरून ओळखतात. मी या लोकांना रोज सांगते हेल्मेट घाला म्हणून."

मग कॅमेरामन, जो इतका वेळ मान खाली घालून काहीतरी खात होता, तो म्हणाला की हेल्मेट घातलं तर टोपाची भानगडच नाही. खाली खरी वेणी सोडू. डमी कोण आणि हिरोईन कोण, हे कुणाला कळणारही नाही. सगळेच एकमेकांकडे बघायला लागले. इतकी साधी गोष्ट त्यांना आधी का सुचली नव्हती, देव जाणे. अशा रीतीनं त्या मालिकेतली डॉक्टरीण हेल्मेट घालणारी झाली. शेवटपर्यंत ती हेल्मेट घालूनच फिरली, आणि त्याचं श्रेय मी घेते.

त्या दिवशी दुपारी हिरोईन स्वतः माझ्याकडे आली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, नाशिककडची मुलगी. मी तिला मॅडम म्हणत होते, तिला ते आवडलं नाही. ती मला थोडं बाजूला, एका आंब्याखाली घेऊन गेली. तिनं सांगितलं की याआधी दोन मालिकांत तिनं गाडीवाली मुलगी केली होती. मुलाखतींत तिला बाइकवेडी म्हणून बोलावतात, आणि तिला गाडी अजिबात येत नाही. सायकल येते, बस्स. मग तिनं मोबाईल उघडून मला एक मेसेज दाखवला. कुठल्याशा गावातल्या एका मुलीनं लिहिलं होतं की ताई, तुला बघून मी बाबांची गाडी शिकले, घाटात उतारावर गाडी वेग घेते तेव्हा तू काय करतेस? मेसेज चार महिन्यांपूर्वीचा होता. खाली उत्तर नव्हतं.

"मला उत्तर माहीतच नव्हतं," ती म्हणाली. "ताई, मला शिकवाल? पण युनिटमध्ये कुणाला कळायला नको."

मी तिला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगितलं. गिअर खाली घ्यायचा, इंजिनाला गाडी धरू द्यायची, आणि क्लच दाबून गाडी मोकळी सोडायची नाही. तिनं ते तिथंच उभ्या उभ्या टाइप करून पाठवलं. मग मी तिला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आश्रमशाळेच्या मैदानावर यायला सांगितलं.

ती आली. थंडी होती, मैदानावर दव होतं, वसतिगृहातल्या मुली दात घासत कठड्यावर उभ्या राहून बघत होत्या. कुणाला कळायला नको ही अट पहिल्या पाच मिनिटांत संपली. पण त्या मुली पोटात ठेवणाऱ्या निघाल्या, कुणी बाहेर बोललं नाही. पहिल्या दिवशी गाडी किती वेळा बंद पडली ते मी मोजणं सोडून दिलं. तिला क्लच एकदम सोडायची सवय, कारण ट्रॉलीवरच्या गाडीचा क्लच कसाही सोडला तरी काही होत नाही. मी मागे बसून तिच्या डाव्या हातावर हात ठेवला आणि तिच्या बोटांबरोबर माझी बोटं हळूहळू उघडली. पाच-सहा वेळा तसं केल्यावर गाडी एकदाची धक्का न देता पुढे सरकली. आरशात तिचा चेहरा दिसला, ओठ घट्ट मिटलेले, पहिली पास झालेल्या पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी ती पडली. वळताना घाबरून पुढचा ब्रेक दाबला. गाडीचा आरसा फुटला, तिचा गुडघा सोलवटला. मला वाटलं, आता संपलं सगळं, दिग्दर्शक माझ्यावर ओरडणार. मी जखम धुतली, औषध लावलं. ती म्हणाली की शूटिंगला पायघोळ कपडे आहेत, दिसणार नाही, आणि उठून पुन्हा गाडीवर बसली. तेव्हापासून मी तिला तू म्हणायला लागले.

दिवसा माझं शूटिंगचं काम चालू होतं. मुरुमाचं वळण मी दोनदा नाही, सातदा उतरले, कारण कधी मध्ये बकरी यायची, कधी ढग. मग ओढ्याचा प्रसंग. त्या ओढ्यातून मी सोळा वर्षं जातेय. कुठला दगड हलतो, कुठं शेवाळ, ते पायाला माहीत आहे. फाइट मास्तर म्हणाला जोरात जा, पाणी उडालं पाहिजे. मी म्हटलं, जोरात गेले तर मागे लशीचा डबा आहे तो पाण्यात जाईल. तो म्हणाला, डबा रिकामा आहे, ताई. ते खरंच होतं. पण रिकाम्या डब्यानंही मला तसं जाता येईना. मी माझ्या नेहमीच्या वेगानं गेले, पाय टेकवला, दगड चुकवला, वर निघाले. वर थांबले. पाणी फारसं उडालं नव्हतं. मला वाटलं, नापसंत पडलं. मग दिग्दर्शकानं टाळी वाजवली आणि बाकीच्यांनीही वाजवली. अशी टाळी मला त्याआधी कधी कुणी वाजवली नव्हती. एवढ्या वर्षांत त्या ओढ्यातून मी रात्री-अपरात्रीही गेले असेन, कुणी बघायला नव्हतं. हेल्मेटच्या आत माझे डोळे भरून आले, आणि काच खाली असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

दुसरा वाद झाला तो शेवटच्या दिवशी. प्रसंग असा होता की वाडीत एक बाई अडली आहे आणि डॉक्टरीण वेगानं येऊन थेट घराच्या अंगणात गाडी घसरवत थांबते, धुरळा उडतो. आशाताईच्या घराचं अंगण त्यासाठी मोकळं करून ठेवलं होतं. मी दिग्दर्शकाला सांगितलं की हे मी करणार नाही. आत बाळंतपण चाललंय आणि दारात कुणी एवढा धुरळा उडवतं का? गाडी लांब थांबवायची, हातपाय धुवायचे, मग आत जायचं. तो म्हणाला, बघणाऱ्यांना जोर वाटला पाहिजे. आशाताई तिथंच उभी होती. ती कधी अशा माणसांपुढे बोलत नाही. ती म्हणाली, "साहेब, आमच्या बाई येत्यात तवा गाडीचा आवाज वरच्या वळनावरच ऐकू येतो. तितंच आमाला जोर येतो. अंगनात कशाला पायजे?"

दिग्दर्शकानं टोपी काढली, परत घातली आणि सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं. तो एकटाच त्या वळणापर्यंत चालत जाऊन आला. आल्यावर त्यानं प्रसंग बदलला. घरातल्या बाया आत बसलेल्या, अडलेली बाई दात आवळून पडलेली, आणि लांबून गाडीचा आवाज येतो. सगळ्या माना दाराकडे वळतात. मग डॉक्टरीण कुंपणापाशी गाडी लावते, हेल्मेट काढते आणि चालत आत येते.

कुंपणापर्यंत गाडी मी आणायची, मग कॅमेरा थांबवून माझ्या जागी तिनं बसायचं आणि हेल्मेट काढायचं, असं ठरलं होतं. तेव्हा ती पुढे झाली आणि म्हणाली की हा तुकडा मी स्वतः चालवते. दिग्दर्शकाला वाटलं ती गंमत करतेय. मग तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हणाले, येते तिला. सपाट रस्ता आहे, दीडशे पावलं. जबाबदारी माझी.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. युनिटमध्ये कुजबुज झाली. मी तिच्याजवळ गेले नाही. गेले असते तर तिला ते लागलं असतं. तिनं स्वतःच गाडी न्यूट्रलला घेतली, किक मारली, मागे वळवून परत नेली. दुसऱ्यांदा ती आली ती सरळ, पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात, डोळे रस्त्यावर. ना केस उडत होते, ना ती हसत होती. कुंपणापाशी थांबली, साइड स्टँड पायानं शोधून लावलं, हेल्मेट काढलं. कपाळावर केस घामानं चिकटले होते. मेकअपवाला रुमाल घेऊन धावला तर दिग्दर्शकानं त्याचा दंड धरून त्याला थांबवलं. ती तशीच आत गेली.

कॅमेरा बंद झाल्यावर ती बाहेर आली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात पडली. मी तिच्या पाठीवर थोपटत राहिले. बाळंतपण नीट पार पडल्यावर आईला थोपटते तसंच.

जाताना तिनं युनिटसाठी राजूरचे पेढे घेतले, आणि एक पुडा त्या मनगट मोडलेल्या तरुणासाठी वेगळा बांधून घेतला. शिर्डीहून तिचं विमान होतं. मला वाटलं, आता तिला आपली आठवण कशाला राहणार.

महिन्याभरानं ते भाग दाखवले. साडेसातची वेळ होती. आशाताईच्या घरी टीव्हीसमोर अख्खी वाडी बसली होती, मला जागा करून पुढे बसवलं होतं. ओढा आला तशी मागून एक म्हातारी म्हणाली, "ही आपली नर्सबाई. पान्यात पाय टाकती कशी बघा." कुणी तिला आधी सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावर हेल्मेट, अंगावर दुसऱ्याचे कपडे, तरी तिनं ओळखलं. शेवटी नावं भराभर वर सरकत गेली, त्यात माझं नव्हतं. नवऱ्याला त्याचा राग आला. मला त्या म्हातारीचं बोलणं पुरलं होतं.

घरी पोचते तोच तिसगावहून पप्पांचा फोन. ते आता ऐंशीला टेकलेत. शेजारची चार-पाच घरं गोळा करून त्यांनी भाग पाहिला होता. मी ओढ्याबद्दल विचारलं तर म्हणाले, ती तूच होतीस, ते सांगायला नको. मग म्हणाले, "शेवटी कुंपणापाशी आली ती तू नव्हेस. ती नवी आहे. पण क्लच शहाण्यासारखा सोडला तिनं. शिकवणारं चांगलं भेटलं म्हणायचं." पप्पांनी शाळेत हजारभर मुलं शिकवली असतील. त्यांच्या तोंडून शिकवण्याबद्दल चांगलं ऐकणं किती अवघड, ते त्यांच्या हाताखालून गेलेल्यांना विचारा.

त्यानंतर काही आठवड्यांनी हिरोईनची एक मुलाखत टीव्हीवर आली. मुलाखत घेणाऱ्यानं तिला गाडीच्या वेडाबद्दल छेडलं. तिनं शांतपणे सांगितलं की आधीच्या दोन्ही मालिकांत तिला गाडी येत नव्हती, गाडी ट्रॉलीवर बांधलेली असायची, आणि तिच्या जागी टोप घातलेले पुरुष चालवायचे. अकोले तालुक्यातल्या एका नर्सताईंनी मैदानावर मला शिकवलं, असं ती म्हणाली. मुलाखत घेणारा गडबडला आणि लगेच दुसरा प्रश्न विचारू लागला. मी स्वयंपाकघरातून धावत येईपर्यंत ते संपलं होतं. नवऱ्यानं मोबाईलवर पुन्हा लावून दाखवलं. मी ते किती वेळा पाहिलं, ते लिहीत नाही.

पुढच्या आठवड्यात आशाताई उपकेंद्रात आली, रजिस्टर भरलं, आणि जाताना दारात घुटमळली. म्हणाली, त्या पोरीला तीन दिवसांत आली, मला किती दिवस लागतील? तिचं वय तेव्हा बेचाळीस, दोन मुली कॉलेजात, सायकलही कधी चालवलेली नाही. मी म्हणाले, दोन महिने. तिला तीन लागले. आश्रमशाळेच्या मैदानावर तिनं तोल सांभाळायला शिकण्यातच एक महिना घालवला. आरटीओचा कॅम्प अकोल्याला होता, तिथं आठ आकडा काढताना तिच्या आधीचे दोन तरुण नापास झाले. ती पास झाली. साहेबांनी विचारलं, काय काम करता? ती म्हणाली, आशा हाय.

गेल्या मंगळवारी आशाताईच्या वाडीवर लसीकरण होतं. माझा खांदा दुखत होता, म्हणून गाडी तिनं घेतली. मी लशीचा डबा मांडीवर घेऊन मागे बसले. वळणावर मुरुम लागला, तिनं गिअर खाली घेतला आणि अलगद उतरली. वाडीच्या तोंडाशी बाया पोरांना घेऊन उभ्याच होत्या.